दार लावून निवडलेला डिंक

आई,

आज सुनेनं बाजारातून डिंक आणला आणि मी ती पुडी तिच्या हातातून ओढून परसात भिरकावली. तिला सातवा लागलाय, बाळंतपणात लाडवाला लागेल म्हणून आणला होता बिचारीनं. "अहो आत्या, धावड्याचा हाय, तुपात चांगला फुलतोय," म्हणाली. मी म्हटलं, "कशाचा का असंना, माझ्या घरात डिंक नगं." लेक आतून ओरडला, "आई, तुला याड लागलंय काय?" लागलं असेल. धावड्याचा डिंक खायचा आणि आपला डिंक बोटीनं विलायतेला जायचा, एवढं मला कळतं. पण हाताला कळत नाही त्याला मी काय करू? दोघं रुसून बसलीत, घरात कुणी बोलेना, म्हणून हे लिहायला घेतलं. दुसरीपर्यंत शाळेत घातलंस, तेवढ्यात जे बसेल ते लिहिते. चुकलं तर चुकलं.

आपला डिंक कांडोळाचा. गारगोटीच्या वरच्या डोंगरात, खडकाळ अंगाला ती झाडं होती. उन्हाळ्यात अंगावर एक पान नाही, साल पांढरी फटक, त्याला पापुद्रे सुटलेले. त्या बाजूची माणसं त्याला भुत्या म्हणायची आणि तिन्हीसांजेला त्याच्याकडं बघायची नाहीत. डिंकाच्या शेठनं ते रान जंगलखात्याकडून मक्त्यानं घेतलं होतं आणि आबा तिथं शेठच्या माणसांवर देखरेखीला होते. दिवाळी झाली की ते डोंगरात जायचे ते पावसाच्या तोंडाला परत. संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात तू मला घेऊन त्यांच्याकडं गेलीस, ते मला नीट आठवतं. आबा कुऱ्हाडीनं वीतभर साल काढायचे, आतल्या लाकडाला धक्का न लावता, आणि पुढच्या झाडाकडं जायचे. काही दिवसांनी परत आलं की त्या जखमेच्या कडेनं डिंक फुगून आलेला असायचा, ओला, मऊ, गुठळ्या लोंबत असलेल्या. "झाडाला दुखल्याबिगर ते देत न्हाय," आबा म्हणाले. तू म्हणालीस, "मग बाईमाणूसच हाय की ते!" आणि सगळा डोंगर हसला.

त्या डोंगरात तू दिवसभर डिंक ओढायचीस. हात चिकट, लुगडं चिकट, केसांच्या बटा चिकटलेल्या. आणि आवाज काय तुझा! या अंगावरून त्या अंगावर मला हाक मारायचीस, मधे सगळी दरी, तरी माझ्या कानात बसायची. चढ चढून आलीस तरी धाप नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळं इथंच चुकलं. आबा, हुपरीची मावशी, शेजारपाजार, सगळे हेच म्हणत राहिले, की डिंकानं धाप लागायची असती तर रानात नसती का लागली?

त्या वर्षाच्या पुढं आबा वीतभरावर थांबायचे बंद झाले. शेठला माल जास्त पाहिजे होता, मुंबईचे व्यापारी मागत होते. जुनी जखम भरायच्या आधी शेजारी दुसरी, मग मागच्या बाजूला तिसरी. तू एकदा बोललीस, "झाडाला गोल फिरवून सोलालाय व्हय?" आबांनी कुऱ्हाड पुढच्या झाडाला लावली. डोंगराच्या वरच्या टोकाला काही झाडांना पाऊस पडल्यावरही पान आलं नाही. ती तशीच उभी होती, पांढरी. लांबून जिवंत कुठली आणि मेलेली कुठली ते कळायचं नाही.

रानातला माल खाली गारगोटीला यायचा आणि तिथून मोटारीनं कोल्हापुरात, शेठच्या वखारीत. आपली खोली कोल्हापुरातच, आणि वखारीत कामाला तुम्ही बायका. वाळलेल्या गुठळ्या लाकडी मोगरीनं फोडायच्या, साल झटकायची, चाळायचं, सुपानं पाखडायचं, मग रंगाप्रमाणं निवडायचं. तांबडा दाराजवळच्या बायकांकडं, पिवळा मधे, आणि पांढरा सगळ्यात आत, भिंतीच्या कोपऱ्यात. पांढरा सगळ्यात महाग, म्हणून तिथं सगळ्यात चलाख हाताची बाई बसायची. दार लावलेलं. बाहेरची ओल लागली की डिंक ओढ धरतो, गुठळी गुठळीला चिकटते, म्हणून पावसाळ्यात तर फटीलाही गोणपाट कोंबायचं. आत सगळं भुकटीनं धुरकट, आंबूस वास, ताक नासल्यासारखा. तो वास तुझ्या लुगड्याला होता, अंथरुणाला होता, भाकरीलासुद्धा होता. मी तुला डबा द्यायला यायचे तेव्हा दार किलकिलं करायचे, आणि मुकादम खेकसायचा, "ए पोरी, आत ये न्हायतर भाईर जा, वारा सोडू नगंस!"

आणि तोंडाला पदर बांधायचा नाही. पदर कंबरेला खोचायचा, केस घट्ट बांधायचे, तोंड उघडं. लुगड्याचा एक धागा पांढऱ्या मालात गेला तर विलायतेतून अख्खं पोतं परत येतं, असं मुकादम सांगायचा. परत आलेलं पोतं मी तरी कधी बघितलं नाही. तुम्ही मात्र त्याचं सगळं ऐकायचात, आणि वर त्याची फुशारकी मारायचात. तूच मला सांगितलंस, "आपल्या हातचा माल बोटीत बसतोय, आपण कवा बसणार गं?" एकदा एका बाईनं मुकादमाला विचारलं होतं, गोरे लोक याचं करतात तरी काय. तो म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या कवळ्या चिकटवत्यात." तुम्ही बायका इतक्या हसलात की सुपातलं उडालं. तू घरी येऊन आबांना सांगत होतीस, "आमी हितं खोकतोय आनि तिकडं मडमा सुपारी फोडालत्यात!" हसता हसता तुला खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. आबांनी तांब्या पुढं केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्या छातीतला तो आवाज ऐकला, बारीक, मांजराचं पिल्लू कुठं तरी अडकल्यासारखा.

पांढऱ्याच्या जागेवर तुझ्या आधी एक निपाणीकडची बाई होती. तिला धाप लागायची, म्हणून ती माहेराला गेली आणि तिकडनं तिच्या मातीचा निरोप आला. तिच्या आधीची पण तशीच काही तरी गेली होती. बायका म्हणायला लागल्या की ती जागा बाई ठेवत नाही. कुणी तरी तिथं लिंबू ठेवलं, कुणी बिब्बा टांगला. मुकादमानं विचारलं, आत कोण बसतंय? सगळ्या खाली बघायला लागल्या. तू उठलीस. "जागा काय माणसाला खाती व्हय?" असं म्हणालीस आणि लिंबू उचलून लांब फेकून बसलीस. घरी आलीस ते किती तोऱ्यात! तुझा तोरा मला आवडायचा. त्या बायका येड्या नव्हत्या. जागा खात होती हे त्यांना बरोबर कळलं होतं, कशानं खाते एवढंच कळलं नव्हतं.

मग पावसाळा आला आणि तुझा आवाज बसला. जिना चढून आलीस की उंबऱ्यात बसायचीस, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर. बोलायची नाहीस, फक्त बोटानं खूण, थांब म्हणून. दिवाळीत वखार बंद असली की बरी व्हायचीस. माहेरी गेलीस की बरी व्हायचीस. परत आलीस, कामावर गेलीस, की चार दिवसांत तेच. आता सांग, यावरून शहाण्या माणसानं काय समजावं? आपल्या घरानं समजून घेतलं की करणी आहे. घरातून बाहेर पडलं की उतार पडतो, म्हणजे घराला काही तरी बांधलंय. आणि खालच्या खोलीतल्या म्हातारीशी तुझं नळावरून भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. आबा बोळात उभं राहून तिला नाही नाही ते बोलले. ती दारात उभी राहून नुसती बघत होती. आपण खोली सोडली आणि कळंब्याच्या तळ्याकडं राहायला गेलो.

ती खोली मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तळ्यावरून ओला वारा यायचा आणि तुरुंगाची घंटा ऐकू यायची. तिथून वखार लांब पडली. तुला चालवेना. मग आबांनी मुकादमाला गाठलं आणि मुकादमानं मोठं मन करून सांगितलं, की पांढरा माल घरी न्या, घरी निवडा. तुमच्या बाईचा हात दुसऱ्या कुणाला नाही. आबा किती खूश झाले होते! पोती आणून त्यांनी भिंतीशी लावली, मोगरी आणली, सूप आणलं. ओला वारा म्हणून दार लावलं, खिडकीला गोणपाट ठोकलं. करणीच्या घरातून आपण निघालो ते खरं, पण वखार उचलून घरात आणून ठेवली. आता तुला दिवाळी नाही आणि रविवार नाही. जेवण तिथंच, झोप तिथंच. चुलीवरच्या कालवणावर पांढरी साय धरायची. मी बोटानं पुसायचे, परत धरायची.

आणि मी तुझ्या शेजारी बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. तुझा हात चालेना म्हणून मी मोगरी घेतली, मग सूप घेतलं. माझा हात बसला तसं तू मला शाबासकी दिलीस. "माझ्यापेक्षा बारीक निवडतीया," आबांना सांगितलंस. मला आभाळ ठेंगणं झालं. पावसाळ्याचे दिवस, बाहेर धो धो, आत आपण दोघी, तुझी छाती वाजतेय आणि मी पाखडतेय. मग एका दुपारी माझ्या नाकातून पाणी सुरू झालं. डोळे चोळले, अजून भडकले. मी पाखडत राहिले. घशात कुणी तरी आवळल्यासारखं झालं, आणि मला तो आवाज ऐकू आला. पिल्लाचा. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं बघत होतीस. तुझी छाती त्या वेळी शांत होती. आवाज माझा होता.

तू अशी उठलीस की मी घाबरले. मला दंडाला धरून दार उघडून पावसात ढकललंस. पाठीत एक धपाटा घातलास, तो अजून आठवतो. "सुपाला हात लावलास तर हात मोडून चुलीत घालीन!" मी रडायला लागले, मला वाटलं माल सांडला म्हणून मार बसला. तू आत गेलीस, पोतं ओढत बाहेर आणलंस. एवढी धाप लागलेली बाई, कुठून ताकद आली कोण जाणे. परसात जनावराची जुनी दगडी डोण होती, पावसानं भरलेली. त्यात पोतं लोटलंस आणि काठाला धरून उभी राहिलीस. मी ओट्यावर बसले. गार वारा लागत होता. हळूहळू माझा गळा मोकळा झाला. तू ते बघत होतीस, माझ्याकडं, मग डोणीकडं, मग परत माझ्याकडं.

सकाळी बघते तर डिंक डोणीत मावेना. पोत्याची शिवण उसवून बाहेर आलेला, पांढरा, थलथलीत, काठावरून खाली लोंबत होता आणि अजून फुगतच होता. कोंबड्या जवळ जाईनात. आबांनी डोक्याला हात लावला.

तू म्हणालीस, "ह्यो डिंक हाय. करणी न्हाय, काय न्हाय. ह्योच हाय."

"मग रानात का हुईत न्हाय?" आबा म्हणाले. "मला का हुईत न्हाय?"

"रानात ओला असतोय. वारा असतोय. हितं आमी दार लावून भुकटी गिळतोय, आनि तुमी म्हनताय म्हातारीनं केलं."

आबा वाकून फाटलेलं पोतं ओढायला लागले. मला अजून वाटतं त्यांना ते तेव्हाच पटलं होतं. पटलं म्हणूनच परत म्हातारीचं नाव काढलं नाही.

मुकादम आला तेव्हा ओट्यावर बसूनच बोलला. डोणीकडं बघून आधी हसला. मग म्हणाला, "वैनी, बोटीवर जागा धरलीया. बोट कुनासाठी थांबत न्हाय." आबांकडं न बघता पुढं म्हणाला, "शेठ इचारत हुतं, पुढच्या दिवाळीला रानावर ह्यास्नीच ठेवायचं का दुसरा बगायचा. मी म्हनलो, घरचीच मानसं हायत, नड काढत्यात." मग त्याची नजर माझ्यावर आली. "पोरगी चांगली उफाड्याची झाली की. बोटं बारीक हायत. तुमी दमला असशीला तर हिला धाडा. आतली जागा मोकळीच हाय."

आबा तुझ्याकडं बघत होते. ते हो म्हणणार होते, आई. "चार म्हैनं बसंल," असं त्यांच्या तोंडातून निघालंच होतं. तू त्यांना पुरं बोलू दिलं नाहीस.

"पोरगी हुपरीला चाललीया, भनीकडं. मी येतो," तू मुकादमाला म्हणालीस.

"तुमास्नी झेपंल का?"

"ते माझं मी बघतो. दार उघडं ठिवशीला?"

"दार उघडलं की माल ओढ धरतोय, वैनी. तुमास्नी काय सांगायचं."

"मग तोंडाला पदर बांधतो."

"आनि धागा निघाला तर?"

तू पदर कंबरेला खोचलास. "बरं," म्हणालीस. एवढंच. ते "बरं" मी इतक्या वेळा मनात म्हणून बघितलंय, की आता त्याला काही अर्थच राहिला नाही.

जायच्या आधी तू मला घेऊन जुन्या बोळात गेलीस, त्या म्हातारीकडं. पाया पडलीस. "आमचं चुकलं, आजी. तुमचं काय नव्हतं त्यात." म्हातारी तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला करनी येत असती तर आदी माझ्या सुनंवर केली नसती का गं?" तू हसलीस. मग तिनं मान वर केली, तुझ्या छातीचा आवाज ऐकला, आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं. "कामाला जाऊ नगंस," म्हणाली. ज्या बाईला आपण शिव्या घातल्या, तेवढी एकटीच हे बोलली.

हुपरीच्या मोटारीत तू मला बसवलंस. हातात भडंगाची पुडी दिलीस. मी म्हटलं, "तू बी चल की." तू म्हणालीस, "आनि आबाला भाकरी कोन घालंल? आनि रान गेलं तर खायाचं काय?" मी हट्ट धरला. तू खिडकीतून टपली मारलीस. "तितं पैंजनं जोडत्यात म्हनं. शीक जा. चांदीची भुकटी कुनी फुकट उडवत न्हाय, जपून वापरत्यात." चेष्टा करत होतीस. मोटार निघाली तेव्हा तू हाक मारलीस, काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. तिकडं दरीपलीकडून ऐकू यायची तुझी हाक, इथं मोटारीच्या खिडकीपर्यंत आली नाही.

आबा हुपरीला आले ते श्रावणात. उंबऱ्यात बसले, पाणी मागितलं, आणि ते काही बोलायच्या आधीच मावशी रडायला लागली. सुपावरच गेलीस. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली. तुला बाहेर आणायला म्हणून वखारीचं दार उघडलं, ते दोन्ही फळ्यांनी. आणि तुझ्या सुपातलं तेवढं परत चाळून पोत्यात भरलं. बोट होती ना. ही गोष्ट आबांनी खाली मान घालून सांगितली. का सांगितली मला कळत नाही. न सांगता चाललं असतं.

मी पैंजणं जोडायला शिकले, तिथंच लग्न झालं, पोरं झाली. जिना चढले तरी मला धाप लागत नाही. भांडण झालं की सबंध गल्लीला ऐकू जातं माझं, सून म्हणते कर्णा आहे. लोकांना मी सांगत आले, माझ्या आईनं मला वाचवलं. बायका डोळ्याला पदर लावतात. मीपण मान हलवते. पण मला तसं वाटत नाही, आई. मला राग येतो. आबांचा येत नाही एवढा, मुकादमाचा येत नाही एवढा, तुझा येतो. त्यांना माहीत नव्हतं, किंवा त्यांनी माहीत करून घेतलं नाही. तुला माहीत होतं. डोणीजवळ उभी राहून तू सगळं समजलीस, आणि तरी जाऊन त्याच कोपऱ्यात बसलीस, तोंड उघडं ठेवून. मला तिथं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, रान जाऊ दे, आबांना दुसरं काम बघू दे, नाही मिळालं तर भीक मागू, पण आई घरी राहू दे. कुणी विचारलं नाही. मोटारीत बसवलं आणि पुडी दिली.

सुनेचा आवाज येतोय, जेवायला बोलावतेय. राग गेला वाटतं तिचा. तिच्या डोक्यात काही राहत नाही, बरं आहे. हे पत्र आता कुठं टाकायचं? टाकायची सोय असती तरी टाकलं नसतं, हे कबूल करते. कारण तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, शेवटपर्यंत ऐकलं असतंस, आणि म्हणाली असतीस, "मग मी काय करायचं हुतं गं?"